शेतकऱ्याच्या पोरानं एकाच तारेवर चौघांचे निरोप बसवले, कारखान्यातल्या मशीनवर आजही त्याचं नाव आहे

पीएलसी हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. नसेल ऐकला तर आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या एखाद्या मित्राला विचारा. कारखान्यात मोटर कधी चालू करायची, व्हॉल्व्ह कधी बंद करायचा, टाकी भरली की पंप कधी थांबवायचा हे ठरवणारा जो छोटा कॉम्प्युटर पॅनलमध्ये बसवलेला असतो, तो म्हणजे पीएलसी.

हा पीएलसी एकटा काम करत नाही. त्याला शेजारच्या मीटरशी, ड्राइव्हशी, कंट्रोल रूममधल्या स्क्रीनशी बोलावं लागतं. हे बोलणं सुरू करायच्या आधी इंजिनिअरला एक आकडा भरावा लागतो. ९६०० किंवा १९२००. त्या रकान्याचं नाव असतं बॉड रेट.

रोज हजारो लोक हा आकडा भरतात. पण बॉड म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेक जण वेग एवढंच सांगून मोकळे होतात.

तर बॉड हे एका माणसाच्या आडनावाचं छोटं रूप आहे. त्या माणसाचं पूर्ण नाव जाँ मोरिस एमिल बोदो. तो फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा होता. कॉलेज सोडा, गावच्या प्राथमिक शाळेच्या पुढे तो शिकला नाही. पण एका तारेतून जास्तीत जास्त माहिती कशी पाठवायची, याचं जे उत्तर त्यानं १५० वर्षांपूर्वी शोधलं, त्याच उत्तरावर आजचे कारखाने चालतात.

शेतातून थेट तार खात्यात

एमिल बोदोचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ चा. पूर्व फ्रान्समधल्या ओत-मार्न भागात मान्यो नावाचं छोटंसं गाव आहे, तिथला. वडील शेती करायचे. पुढे ते गावचे महापौरही झाले, पण घर शेतकऱ्याचंच. गावातली शाळा संपली आणि एमिल वडिलांबरोबर शेतात राबायला लागला.

वयाच्या चोविसाव्या वर्षी, म्हणजे १८६९ मध्ये, त्यानं शेती सोडली आणि फ्रान्सच्या टपाल आणि तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून नोकरी धरली.

तेव्हाचं तार खातं म्हणजे आजचं आयटी समजा. सरकारचे हुकूम, लष्कराच्या बातम्या, शेअर बाजारातले भाव, व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी, सगळं तारेवरून जायचं. खात्यानं बोदोला आधी मोर्सचं यंत्र शिकवलं. मग चार महिन्यांच्या कोर्सला पाठवलं, ह्यूजचं यंत्र शिकायला.

हे ह्यूजचं यंत्र भारी होतं. मोर्समध्ये कट्ट-कड-कट्ट ऐकून अक्षरं ओळखावी लागायची. ह्यूजच्या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या होत्या. इकडे पट्टी दाबली की तिकडे कागदावर थेट अक्षर छापून यायचं. या यंत्रानं बोदोच्या डोक्यात जो किडा सोडला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

मध्येच १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. बोदोनं थोडे दिवस लष्करात काम केलं आणि १८७२ मध्ये तो पॅरिसला तार खात्यात परत आला.

खरी अडचण वेगाची नव्हतीच

आता त्या काळातला प्रॉब्लेम समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

दोन शहरांमध्ये तार टाकायची म्हणजे शेकडो किलोमीटर खांब उभे करायचे, त्यावर धातूची तार ओढायची आणि मग वर्षानुवर्षं तिची देखभाल करायची. मोठा खर्च. निरोप तर दिवसेंदिवस वाढत होते. मग करायचं काय? सरळ उपाय म्हणजे अजून तारा टाका. पण तेवढा पैसा कुठल्या सरकारकडे असतो?

दुसरा उपाय म्हणजे ऑपरेटरला हात जोरात चालवायला सांगायचं. पण माणसाच्या हाताला मर्यादा आहे.

बोदोनं वेगळीच गोष्ट हेरली. छापणाऱ्या यंत्रांमध्ये तार बहुतेक वेळ रिकामी पडलेली असते, हे त्याच्या लक्षात आलं. ऑपरेटर अक्षर शोधतो, पट्टी दाबतो, क्षणभर वीज धावते आणि परत शांतता. पुढचं अक्षर येईपर्यंत एवढी महागाची तार नुसती लटकत असते.

मग या रिकाम्या वेळात दुसऱ्या ऑपरेटरचं अक्षर का पाठवू नये? आणि तिसऱ्याचं? चौथ्याचं?

एकच तार सगळ्यांनी पाळीपाळीनं वापरायची, अशी ही कल्पना. आज इंजिनिअरिंगच्या पुस्तकात तिला टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. त्या काळात मेयर नावाच्या एका फ्रेंच माणसानं मोर्सच्या खुणांसाठी असा प्रयोग केलेला होता. बोदोला ते छापणाऱ्या यंत्रासाठी करायचं होतं. खात्यानं होकार दिला, पण एका अटीवर. जे काही करायचं ते ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या वेळात.

पाच बटणं आणि बत्तीस खुणा

पाळीपाळीनं तार वापरायची म्हटलं की पहिला अडथळा यायचा तो मोर्सचा.

मोर्समध्ये प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी. इंग्रजीतल्या ई साठी एकच टिंब, तर क्यू साठी चार खुणा. हाताने पाठवायला हे सोयीचं आहे, कारण जास्त वेळा येणारी अक्षरं छोटी ठेवलेली असतात. पण चार माणसांना पाळी वाटून द्यायची असेल तर पंचाईत होते. एकाचं अक्षर लगेच संपतं, दुसऱ्याचं लांबतं. मग कुणाची पाळी कधी संपली, हे पलीकडच्या यंत्राला कळणार कसं?

बोदोनं ठरवलं की प्रत्येक अक्षर सारख्याच मापाचं करायचं. प्रत्येक अक्षरासाठी पाच जागा. प्रत्येक जागी दोनच शक्यता. आजच्या भाषेत सांगायचं तर शून्य किंवा एक.

दोनच्या पाच वेळा गुणाकारानं होतात ३२. म्हणजे पाच जागांमध्ये ३२ वेगवेगळ्या खुणा बसतात. रोमन लिपीतली २६ अक्षरं त्यात आरामात मावतात.

पाच खुणांची कल्पना काही बोदोनं आभाळातून आणली नव्हती. इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकननं सतराव्या शतकात गुप्त लिपीसाठी अशीच पाच-पाच खुणांची रचना केली होती. जर्मनीच्या गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनीही तारेसाठी पाच खुणांचा विचार मांडला होता. बोदोचं काम हे की त्यानं या कल्पनेला रोज चालणारं यंत्र दिलं.

आता तुम्ही म्हणाल, अक्षरं बसली, पण आकड्यांचं काय? स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह? ३२ मध्ये हे सगळं कसं मावणार?

इथे बोदोची खरी हुशारी दिसते. त्यानं एकाच खुणेला दोन अर्थ दिले. एक अक्षराचा, एक आकड्याचा. आणि दोन खुणा खास राखून ठेवल्या. पहिली खूण आली की पुढचं सगळं अक्षर म्हणून वाचायचं. दुसरी आली की पुढचं सगळं आकडा म्हणून. मोबाइलच्या कीबोर्डवर आकड्यांसाठी जे बटण दाबता ना, अगदी तेच. दोन खुणा खर्च करून त्यानं जवळपास दुप्पट चिन्हं मिळवली.

यात धोका एकच. ती बदलाची खूण वाटेत हरवली तर पलीकडे छापलेला कागद म्हणजे नुसता गोंधळ. पाठवलेलं सगळं बरोबर पोचलंय, पण वाचणारा चुकीच्या तक्त्यातून वाचतोय. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बोदोच्या यंत्राला बटणंही पाचच होती. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. ऑपरेटरनं पाचांपैकी हवी ती बटणं एकदम दाबायची. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून सगळे स्वर त्यानं उजव्या हाताच्या तीन बटणांवरच बसवले होते. डावा हात व्यंजनांसाठी आला की आला. शाळा सोडलेल्या या माणसानं यंत्राबरोबर ते चालवणाऱ्या माणसाचाही विचार केला होता.

फिरणारा ब्रश, म्हणजे सगळ्या खेळाचा मुख्य खेळाडू

आता पाळी वाटून देणारा कुणीतरी हवा. त्यासाठी बोदोनं बनवला डिस्ट्रिब्युटर.

एक गोल चकती डोळ्यासमोर आणा. तिच्यावर धातूचे छोटे छोटे तुकडे गोलाकार बसवलेत. मध्यभागी एक हात घड्याळाच्या काट्यासारखा फिरतोय आणि त्याच्या टोकाला ब्रश आहे. हा ब्रश एकामागून एक प्रत्येक तुकड्याला स्पर्श करत जातो. पहिले पाच तुकडे पहिल्या ऑपरेटरचे, पुढचे पाच दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, मग चौथ्याचे. ब्रश ज्या तुकड्यावर असेल, त्या क्षणी तार त्याच्या मालकीची.

पलीकडच्या शहरात अगदी तशीच चकती, तसाच ब्रश, तितक्याच वेगानं फिरणारा. दोन्ही ब्रश एकाच वेळी एकाच जागी असले की झालं. पहिल्याचं अक्षर पहिल्याच्या यंत्रावर छापलं जाणार, चौथ्याचं चौथ्याच्या. दोन्ही ब्रश मागेपुढे होऊ नयेत म्हणून चकतीवर काही तुकडे फक्त वेळ जुळवण्यासाठी राखलेले असायचे.

ऑपरेटरचं काम मात्र सोपं नव्हतं. आपली पाळी आली की यंत्र टक असा आवाज करायचं. त्या ठेक्यावर बटणं दाबलेली हवीत. उशीर झाला तर ब्रश पुढे निघून गेलेला असायचा आणि अक्षर चुकायचं. तबल्याच्या ठेक्यावर बोट पडावं तसं दिवसभर हे काम करायचं.

कामाचा नेहमीचा वेग होता मिनिटाला साधारण ३० शब्द. सहा अक्षरांचा एक शब्द धरला तर मिनिटाला १८० अक्षरं, म्हणजे सेकंदाला तीन. चौघे एकदम काम करत असतील तर त्याच एका तारेवर मिनिटाला १२० शब्द.

थोडं गणित करू. सेकंदाला तीन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत चौघांच्या पाच-पाच, म्हणजे वीस खुणा. सेकंदाला झाल्या ६० खुणा. पुढे एका सेकंदात किती खुणा जातात हे मोजण्याच्या एककालाच त्याचं नाव मिळालं, बॉड. वेळ जुळवायचे तुकडे सोडले तर या यंत्राचा वेग ६० बॉड झाला. ९६०० बॉड म्हणजे त्याच्या १६० पट.

गौरव झाला, पण पदक विकावं लागलं

बोदोनं १७ जून १८७४ ला पहिलं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी तार खात्यानं त्याची पद्धत स्वीकारली. १२ नोव्हेंबर १८७७ ला पॅरिस आणि बोर्दो यांच्यामध्ये प्रत्यक्ष तारेवर चाचणी झाली. त्याच वर्षाच्या शेवटी पॅरिस ते रोम या जवळपास १७०० किलोमीटरच्या तारेवर बोदोचं यंत्र चालू झालं.

१८७८ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. बोदोचं यंत्र तिथे मांडलं गेलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. प्राथमिक शाळेतून थेट शेतात गेलेला मुलगा जगभरच्या इंजिनिअर लोकांच्या तोंडी आला.

इथे सिनेमा असता तर संपला असता. पण खात्याकडून संशोधनासाठी मदत अगदी कमी मिळायची. यंत्र सुधारायचं तर पैसे लागणार, आणि ते बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या खिशातून जायचे. शेवटी १८८० मध्ये त्यानं ते सुवर्णपदक विकलं. संशोधन चालू ठेवण्यासाठी.

त्याच वर्षी खात्यानं त्याला कंट्रोलर या पदावर बढती दिली आणि १८८२ मध्ये इन्स्पेक्टर इंजिनिअर केलं.

मिमोचा दावा आणि एक खून

या गोष्टीला एक काळी बाजूसुद्धा आहे.

त्याच तार खात्यात लुई व्हिक्टर मिमो नावाचा एक ऑपरेटर होता. त्यानंही १८७४ मध्येच एका यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या यंत्राला पाच वेगवेगळ्या तारा लागायच्या. खात्यानं ते नाकारलं. मग त्यानं मेयरच्या पद्धतीतल्या काही गोष्टी घालून ते सुधारलं आणि नवं पेटंट काढलं. तेही खात्यानं नाकारलं. पण तोपर्यंत बोदोनं काही आठवडे आधी आपलं पेटंट नोंदवून टाकलं होतं.

मिमोचं म्हणणं पडलं की मूळ कल्पना आपली आहे. १८७७ मध्ये त्यानं बोदोवर खटला भरला. कोर्टानं तार खात्याशी संबंध नसलेल्या तीन तज्ज्ञांची मतं घेतली आणि निकाल दिला मिमोच्या बाजूनं. पाच खुणांची रचना आधी मिमोची, बोदोनं केलेल्या त्या फक्त सुधारणा, असा त्या निकालाचा अर्थ होता.

त्या निकालावर दोघंही खूश नव्हते. पुढे तो निकाल रद्द झाला आणि खटल्याचा सगळा खर्च मिमोच्या अंगावर पडला.

इथून मिमोचा तोल गेला. एका प्रकरणात त्यानं इकोल पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेच्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडून त्यांना जखमी केलं. ते आरोप मागे घेतले गेले. मग त्यानं सरकारकडे मागण्या ठेवल्या. पेटंटची मुदत वाढवा, एक लाख फ्रँक द्या आणि लीजन ऑफ ऑनर हा सन्मान द्या.

या मागण्या तपासायला एक समिती नेमली गेली. तिचे प्रमुख होते ज्यूल रेनो, तार खात्याच्या संशोधनाचे प्रमुख. समितीनं मागण्या फेटाळल्या. निकाल कळल्यावर मिमोनं रेनो यांना गोळ्या घालून ठार मारलं. साल होतं १८८८. मिमोला १० वर्षं सक्तमजुरी आणि २० वर्षं हद्दपारी अशी शिक्षा झाली.

रेनो यांचा दोष एवढाच की ते त्या समितीच्या खुर्चीवर बसले होते. आणि मिमो? तोही बोदोसारखाच एक साधा ऑपरेटर, त्याच खात्यात काम करणारा, जवळपास तसंच काहीतरी शोधलेला. पण बोदोच्या यंत्राला एक तार पुरायची आणि मिमोच्या मूळ यंत्राला पाच लागायच्या. जिथे तारेचाच खर्च वाचवायचा होता, तिथे हा फरक फार मोठा होता.

लग्नानंतर तीन महिन्यांत

खात्यात लागल्यापासून थोड्याच दिवसांत बोदोच्या तब्येतीच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. एकदा तर त्याला महिनाभर रजा घ्यावी लागली. हे दुखणं आयुष्यभर त्याच्या मागे राहिलं.

१५ जानेवारी १८९० ला, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यानं लग्न केलं. पत्नीचं नाव मारी. संसार सुरू होतोय तोच ९ एप्रिलला मारी गेली. जेमतेम तीन महिने.

त्याच वर्षी ८ ऑगस्टला बोदोनं पॅरिस, वान आणि लोरियाँ ही तीन गावं एकाच तारेवर जोडून दाखवली. बायको जाऊन चार महिने झाले होते आणि हा माणूस परत यंत्रापाशी उभा होता.

२७ एप्रिल १८९४ ला त्यानं पॅरिसचा शेअर बाजार इटलीतल्या मिलानच्या शेअर बाजाराशी एकाच तारेनं जोडला. मध्ये लागायचं ते निरोप पुढे ढकलणारं एक नवं यंत्र, तेही त्याचंच. १८९७ मध्ये त्याच्या पद्धतीत छिद्रांची कागदी पट्टी आली. निरोप आधी निवांत पट्टीवर टोचून ठेवायचा आणि मग पट्टी यंत्रात घालायची. पाच रांगा अक्षरांच्या छिद्रांसाठी आणि पट्टी पुढे सरकवायला बारीक छिद्रांची सहावी रांग. ठेका चुकायची भीती गेली.

इटलीनं हे यंत्र १८८७ मध्ये घेतलं होतं. मग १८९५ ला नेदरलँड्स, १८९६ ला स्वित्झर्लंड, १८९७ ला ऑस्ट्रिया आणि ब्राझील, १९०० ला जर्मनी असे देश येत गेले. पुढे भारतातल्या तार खात्यानंही बोदो यंत्रं वापरली.

२८ मार्च १९०३ ला पॅरिसजवळच्या सो या गावी एमिल बोदोचं निधन झालं. वय होतं ५७.

त्याच्या शेवटच्या काळातच डोनाल्ड मरे नावाच्या माणसानं त्याच्या रचनेत फेरबदल केला. आता टाइपरायटरसारखा कीबोर्ड आला होता, त्यामुळे ऑपरेटरला खुणा पाठ करायची गरज उरली नव्हती. मग मरेनं जास्त वेळा येणाऱ्या अक्षरांना कमीत कमी छिद्रं दिली, म्हणजे यंत्राची झीज कमी होईल. बोदोनं माणसाच्या बोटांचा विचार करून खुणा मांडल्या होत्या, मरेनं यंत्राच्या भागांचा विचार करून त्या परत मांडल्या. पाच खुणांचं माप मात्र तेच राहिलं. टेलिप्रिंटर त्याच्यावरच चालले.

पण याचा पीएलसीशी काय संबंध?

आता परत कारखान्यात या.

समजा एका पीएलसीमध्ये २० आकडे आहेत. बॉयलरचं तापमान, पाइपमधला दाब, मोटरचा करंट, टाकीची पातळी वगैरे. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनला हे सगळे हवेत. दोघांमध्ये मॉडबस नावाची भाषा आहे. मोडिकॉन कंपनीनं ती १९७९ मध्ये आणली आणि आजही ती असंख्य कारखान्यांत चालते.

मॉडबसमध्ये माहिती रजिस्टर नावाच्या खणांत ठेवलेली असते. प्रत्येक खण सारख्याच मापाचा, १६ बिटचा. बोदोच्या पाचाऐवजी सोळा, बाकी विचार तोच.

नवखा प्रोग्रामर काय करतो? जसं सुचेल तसं तो हे आकडे ठेवत जातो. तापमान १० नंबरच्या खणात, दाब २५० मध्ये, करंट १८०० मध्ये. मग स्क्रीनला प्रत्येक आकड्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो. एका प्रश्नाला ८ बाइट, उत्तराला ७ बाइट आणि प्रत्येक निरोपानंतर साडेतीन अक्षरांएवढी सक्तीची शांतता. म्हणजे एका आकड्यामागे २२ अक्षरांचा वेळ. वीस आकड्यांना ४४०. ९६०० बॉडवर, एका अक्षराला ११ बिट धरले तर, हा झाला साधारण अर्धा सेकंद. पीएलसीला उत्तर शोधायला लागणारा वेळ वेगळाच.

आता तेच २० आकडे ओळीनं शेजारी शेजारी ठेवा. एकच प्रश्न, ८ बाइट. एकच उत्तर, ४५ बाइट. शांतता धरून ६० अक्षरांचा वेळ. म्हणजे सेकंदाचा साधारण चौदावा भाग. तार तीच, बॉड रेट तोच, मशीन तेच. फक्त माहिती नीट मांडली आणि काम सात पट लवकर झालं. मॉडबसमध्ये असे १२५ खण एका प्रश्नात वाचता येतात.

चालू-बंद असल्या माहितीचंही तसंच. पंप चालू आहे की बंद, दार उघडं आहे की मिटलेलं, अशा गोष्टींना एक एक बिट पुरतो. प्रत्येकीला १६ बिटचा अख्खा खण दिला तर १५ बिट रिकामे जाणार. त्याऐवजी अशा सोळा गोष्टी एकाच खणात बसतात. तार रिकामी का पडू द्यायची, हा बोदोचा जुनाच प्रश्न.

आणि तो बदलाच्या खुणेचा मुद्दा आठवतोय? खणात कुठला बिट कशाचा, याचा तक्ता दोन्ही बाजूंकडे एकच लागतो. पीएलसीवाल्यानं तिसरा बिट पंपाला दिला आणि स्क्रीनवाल्यानं तो अलार्म म्हणून वाचला, तर सगळी माहिती बरोबर पोचूनही बंद पंपाचा अलार्म वाजत राहणार. म्हणून चांगला इंजिनिअर प्रोग्राम लिहायच्या आधी खणांचा तक्ता लिहून काढतो आणि तो पॅनलमध्येच ठेवून जातो, म्हणजे पुढे येणाऱ्या माणसाला शोधत बसावं लागत नाही.

आज फायबर आणि फाइव्ह-जीच्या जमान्यात ९६०० चा आकडा गोगलगायीसारखा वाटेल. पण कारखान्यात एकाच तारेवर एकामागून एक मीटर जोडलेले असतात आणि ते सगळे पाळीपाळीनंच बोलतात. तिथे नवी केबल टाकायची तर काम थांबवावं लागतं आणि थांबलेल्या प्रत्येक तासाचे पैसे जातात. त्यामुळे आधी आहे त्या तारेवर माहिती नीट बसवून बघा, हा सल्ला आजही पहिला दिला जातो.

भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून एकमेकांना तारा पाठवल्या. तारा गेल्या, टेलिप्रिंटर गेले, छिद्रांच्या पट्ट्याही गेल्या. पण सेटिंगच्या रकान्यात तो शब्द अजून आहे. सुवर्णपदक विकून यंत्र पूर्ण करणाऱ्या बोदोचं नाव आजही रोज कुणीतरी टाइप करतंय. पुढच्या वेळी बॉड रेट भरताना शेजारच्याला एवढं नक्की सांगा.